शिरसाच्या पोटातला खांब

माझं नाव कडुबा. आमच्या भागात आधीची लेकरं जगली नाहीत की पुढच्या पोराचं नाव कडुबा ठेवतात, म्हणजे कडू म्हणून त्याला कोणी उचलून नेत नाही. मला कोणी नेलं नाही. उलट जे मागं राहतं आणि कोणालाच नको असतं, ते उचलून नेण्याचं काम मी आयुष्यभर केलं. झाड वादळात पडतं, नाहीतर परवानगी काढून तोडतात. खोड वखारीत जातं, फांद्या चुलीत जातात. जमिनीत उरतो तो बुडखा. तो काढायला मला बोलावतात.

मागं चिकलठाण्याला एका सरांच्या अंगणातला आंब्याचा बुडखा काढत होतो. काम करताना माझं तोंड बंद नसतं. सर खुर्ची टाकून ऐकत बसले आणि संध्याकाळी म्हणाले, "मामा, हे सगळं लिहून द्या, आमच्या दिवाळी अंकात घालू." मी दहावीपर्यंत शिकलोय, अक्षर बरं आहे. पण जन्मापासूनचं सगळं लिहायला मला जमणार नाही आणि वाचायला तुम्हाला. मला घाई झाली आहे ती एकच गोष्ट सांगायची, शेंद्र्याच्या बुडख्याची. गेल्या उन्हाळ्यातली आहे, पण अजून आठवली की जेवता जेवता माझा हात थांबतो आणि मी बायकोला ती पहिल्यापासून सांगायला लागतो. ती म्हणते, "ऐकलंय की, धा येळा ऐकलंय." तिचं सोडा. तुम्ही पहिल्यांदा ऐकताय.

आधी धंदा थोडा समजून घ्या, नाहीतर मजा कळणार नाही. जेसीबी लावला तर बुडखा निघतो, पण त्याच्यासोबत नळाची पाइप, शेजाऱ्याची भिंत आणि अर्धं अंगणही वर येतं. म्हणून जिथं जेसीबी शिरत नाही किंवा शिरलेला चालत नाही, तिथं आम्ही. आम्ही म्हणजे मी आणि रशीदभाई. रशीदभाई माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. साखळीची करवत, जिला आमच्याकडं सगळे कटर म्हणतात, ती तो चालवतो. खणणं, तोडणं आणि बडबड माझ्याकडं. बुडख्याभोवती गोल चर खणायचा, आडवी मुळं उघडी करायची, ती एकेक करून तोडायची. मग खाली सरळ गेलेलं सोटमूळ. ते तुटलं की तीन बल्ल्यांची तिकाटी उभी करायची आणि चेन-पुलीनं बुडखा वर घ्यायचा. सांगायला चार वाक्यं, करायला दोन दिवस.

पण साध्या बुडख्यात मला आता रस नाही. खरा बुडखा तो, ज्यानं काहीतरी गिळलेलं असतं. झाडाजवळ खांब रोवलेला असला की झाड जाड होत होत एक दिवस त्याला टेकतं. माणूस असता तर सरकून बसला असता. झाडाला सरकता येत नाही, मग ते खांबाला दोन्ही बाजूंनी वळसा घालतं. सालीचे ओठ पुढं पुढं येतात आणि दहापंधरा वर्षांत मिटतात. बाहेरून पाहणाऱ्याला आत खांब आहे याचा पत्ताही लागत नाही.

यात लोकांचा एक मोठा गैरसमज असतो. झाड वाढताना खांबालाही वर उचलून नेतं, असं भले भले शिकलेले लोक मला छातीठोकपणे सांगतात. तसं काही होत नाही. झाडाला छातीच्या उंचीवर खिळा मारा, पन्नास वर्षांनी तो छातीच्याच उंचीवर सापडेल. झाड उंच होतं ते शेंड्याकडून, खाली ते फक्त जाड होतं. गिळलेल्या खांबाचं डोकं जरा बाहेर ढकललं जातं, तिरपं होतं, पण पाय आपली जागा सोडत नाही. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

हे ज्ञान मला फुकट मिळालेलं नाही. चिकलठाण्याला विमानतळाच्या बाजूला एका बंगल्यात गुलमोहराचा बुडखा होता. मालक रिटायर्ड साहेब, शिस्तीचे. मी विचारलं, आत काही आहे का? ते म्हणाले, "माझ्या अंगणात काय आहे ते मला माहीत नसेल का?" रशीदभाईनं कटर लावला. बोटभर आत गेला असेल नसेल, ठिणग्या उडाल्या, साखळी तुटली आणि तिचं एक टोक माझ्या नडगीवर बसलं. आत लोखंडी अँगल होता. साहेबांनीच बावीस वर्षांपूर्वी रोवला होता आणि विसरले होते. डाव्या नडगीवर वीतभर खूण आहे, दाखवायला मला आवडतं. दुसऱ्या दिवशी रशीदभाई एका फुटक्या लाऊडस्पीकरमधलं गोल लोहचुंबक घेऊन आला आणि त्याला सुतळी बांधली. तेव्हापासून आम्ही बुडख्याला आधी चुंबक फिरवून बघतो. तीन-चार बोटं लाकडाआड लोखंड असलं तरी चुंबक सुतळीसकट तिकडं ओढलं जातं. गिऱ्हाईक तोंडाचा आ करून बघत राहतं आणि मला फार बरं वाटतं.

दुसरी गोष्ट सांगायला बरी वाटत नाही, पण ती सांगितल्याशिवाय शेंद्र्याला जाता येत नाही. लासूर स्टेशनला एका आडत दुकानाच्या मागं बाभळीचा बुडखा होता आणि त्यात एक दगडी खांब रुतलेला. बुडखा निघेना, म्हणून मी घण घेतला आणि पाच मिनिटांत खांबाचे तुकडे केले. मोठा पराक्रम केल्यासारखा घाम पुसत उभा होतो. समोरून एक म्हातारा आला. खाली बसला आणि टॉवेलात ते तुकडे गोळा करायला लागला. एका तुकड्यावर दोरानं घासून पडलेली गुळगुळीत खाच होती, त्याच्यावरून तो बोट फिरवत होता. चाळीस वर्षं बाजारच्या दिवशी त्याची बैलजोडी त्या खांबाला बांधलेली असायची. तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, "इचारायचं तरी बाबा कुणाला." मी त्या दिवशी जेवलो नाही. आजही कोणी काही तोडायला सांगितलं की मला ते वाक्य आठवतं. आठवायलाच पाहिजे असं मी समजत होतो, पण शेंद्र्याला ऐन वेळी ते विसरलोच होतो.

आता शेंद्रा. गावाला लागून कारखाने आले तशी इंचाइंचाला कुंपणं आली. तिथल्या भाऊसाहेबाचा मला फोन आला आणि दहा मिनिटांनी अंकुशचा. दोघं सख्खे चुलतभाऊ, घरं एकमेकांना लागून, आणि चार वर्षं बोलणं बंद. दोघांचं म्हणणं एकच होतं. हद्दीवर शिरसाचं झाड होतं, ते मागच्या वादळात आडवं झालं, खाली बुडखा उरला, तो काढा. आणि दोघांनी एकच अट घातली. त्या बुडख्याच्या पोटात आमच्या हद्दीचा खांब आहे, तो बोटभर इकडंतिकडं हलता कामा नये.

सकाळी आम्ही पोचलो तर बुडख्याच्या पूर्वेला भाऊसाहेब खुर्ची टाकून बसलेला, पश्चिमेला अंकुश. मध्ये बुडखा. असा बुडखा मी आयुष्यात दोनतीनच पाहिलेत. शिरस वाढतो पटकन आणि बूड पसरवतो. दोघांनी हात लांब केले तरी कवेत मावला नसता. त्याच्या दोन्ही अंगांना येऊन चिकटलेली तारेची कुंपणं, आणि बाजूला विटा आणि वाळूचा ढीग. गवंडीही हजर होता. बुडखा निघाला की त्याच रेषेत दोघांच्या सामाईक भिंतीचा पाया घ्यायचा होता. चार वर्षांत दोघांचं एकमत झालेली ही एकमेव गोष्ट.

मी विचारलं, "खांब कशाचा आहे?"

"लोखंडाचा," भाऊसाहेब म्हणाला. "रेल्वेचा रूळ हाये, तोडलेला. माझ्या बापानं लासूरहून आणून रोवला. मला लहानपणी सांगितलं, हा रूळ आपली हद्द, कुणाला हलवू देऊ नको."

अंकुशनं त्याच्याकडं न बघता मला सांगितलं, "मामा, रूळबिळ काय नाय. काळ्या दगडाचा खांब हाये. माझ्या बापानं सोता घडवला. मरताना बी तेच बोलला."

"म्हंजी माझा बाप खोटं बोलला व्हय?" भाऊसाहेबानंही मलाच विचारलं.

"मग माझा बोलला?" अंकुशनंही मलाच.

रशीदभाई माझ्या कानात म्हणाला, "कडुबा, यहाँ झाड से ज्यादा बाप गिरेले हैं." मी चर आखायला लागलो. भांडण खरंतर जमिनीचं राहिलंच नव्हतं. रूळ निघाला तर अंकुशचा बाप खोटा, दगड निघाला तर भाऊसाहेबाचा. एवढी जोखीम घेऊन मी कधी खणलेलं नव्हतं आणि, खोटं कशाला बोलू, मला त्याचा आनंदच होत होता.

दहाच्या सुमाराला मागच्या बाजूनं, लांब वळसा घालून, एक म्हातारी येताना दिसली. हातात चहाची किटली, एका गुडघ्यावर हात. ही केसरआत्या, दोघांची सख्खी आत्या, त्यांच्या वडलांची बहीण. बुडख्याच्या मागं, दोन्ही घरांच्या पाठीमागं, तिला तिच्या बापानं दिलेला जमिनीचा तुकडा आहे. नवरा गेल्यावर ती गंगापूरकडच्या सासरहून परत आली आणि त्या तुकड्यावर दोन खोल्या बांधून राहिली. तिच्या दारातून रस्त्यावर यायचं तर सरळ अंतर पन्नास पावलं. पण समोर झाड, झाडाला चिकटलेली दोन कुंपणं. म्हणून ती नाल्यात उतरायची, पलीकडं चढायची, आणि गावाला वळसा घालून पुढं यायची. पावसाळ्यात नाला वाहायला लागला की चारचार दिवस घरातच.

तिनं आम्हाला चहा दिला. चहा गार झाला होता, वर साय धरलेली.

"लांबून आनला," ती म्हणाली. "तिकडून येस्तवर निवतोच बगा."

मग ती बुडख्याजवळ आली आणि मला म्हणाली, "दोन खांब हायेत त्यात. मधून वाट होती माझी. दोन हात वाट. खाली बापानं चिरा बसवला व्हता, चिखलात पाय रुतू नये म्हून."

भाऊसाहेब म्हणाला, "आत्या, उन्हात कशाला उभी ऱ्हाते? जाय घरी." अंकुशही म्हणाला, "आत्या, तू जाय." या एका बाबतीतही त्यांचं एकमत होतं. दोघं माणसं वाईट नव्हती. आत्याला वेळेवर धान्य द्यायचे, दवाखान्यात न्यायचे. पण ती वाटेचं बोलायला लागली की वय झालं म्हणून सोडून द्यायचे. दोघांच्या आठवणीत तिथं वाट कधीच नव्हती, झाडच होतं. आणि मोजणीच्या कागदावरही दोन तुकड्यांमधली एकच रेघ होती.

आत्या खाली बसली. गेली नाही. मला तिनं हळूच सांगितलं, "भिंत झाली की मी मागंच मेले म्हनून समजा. नाल्यावरनं आनखी किती वर्स चढनार?"

मी मान हलवली. आता लिहिताना लाज वाटते, पण खरं ते सांगतो, मीही फक्त मान हलवली. गिऱ्हाइकाच्या घरातलं म्हातारं माणूस काहीतरी सांगत असतं, आपण मान हलवून काम करतो. तशी.

दुपारपर्यंत चर गुडघाभर झाला आणि मी चुंबक काढलं. दोन्ही खुर्च्या पुढं सरकल्या. गवंडीही आला. मी उत्तरेकडून सुरुवात केली, सुतळी सरळ. पूर्वेच्या अंगाला आलो आणि चुंबक असं ओढलं गेलं की सुतळी तिरपी झाली आणि ते सालीला जाऊन चिकटलंच. भाऊसाहेब ताडकन उठला. मी साल काढली, पटाशीनं लाकूड खरवडलं आणि चार बोटांवर गंजलेलं, तांबूस लोखंड लागलं. रुळाचं डोकं. ओळखायला चूक होणं शक्य नव्हतं.

"बगा," भाऊसाहेब म्हणाला आणि डोळे पुसायला लागला. "माझा बाप. बगा."

मी पश्चिमेकडूनही चुंबक फिरवलं. काही नाही. घण मारून आवाज ऐकायचा माझा नेम आहे, तो राहिला. राहिला कसला, मीच राहू दिला. खांब सापडला होता, सगळे माझ्याकडं कौतुकानं बघत होते. मी चार माणसांत जाहीर केलं, "लोखंड आहे. खांब एकच." गवंड्यानं लगेच रुळापासून दोरी धरून चुन्याची रेघ मारली. अंकुश खुर्ची उचलून घरात गेला. जाताना त्याची पाठ बघून मला माझ्या जाहीर करण्याचा आनंद निम्मा झाला, पण निम्मा राहिलाच.

दुसऱ्या दिवशी बेत साधा होता. रुळाला धक्का लागू नये म्हणून पूर्वेची बाजू हातानं सोडवायची आणि पश्चिमेकडून बुडख्याचे कटरनं काप काढून वजन कमी करायचं. तिकडं काही नाही असं मीच सांगितलं होतं. रशीदभाईनं कटर सुरू केला. त्या आवाजात माणसाला माणसाचं ऐकू येत नाही. तो पुढं झाला आणि थांबला. बुडख्याच्या पश्चिम अंगावर केसरआत्यानं दोन्ही हात ठेवले होते.

रशीदभाईनं मशीन बंद केलं. "खाला, हटो ना."

"इकडून घालू नका," आत्या म्हणाली. "हितं माझ्या धाकट्या भावाचा दगड हाये. मी त्याला पानी देत व्हते तो रोवताना. तुमी मला ईचारलं का काल? कुनीच ईचारलं नाय."

लासूरचा तो टॉवेल डोळ्यांसमोर आला, त्यातले तुकडे आले. मी घण उचलला आणि आत्याच्या हातांच्या जरा खाली, उलट्या बाजूनं, लाकडावर हलकेच मारला. आत नुसतं लाकूड असलं की आवाज मोकळा येतो. इथं आवाज बसका आला. परत मारला. बसकाच. रशीदभाईनं कान लावला.

"पत्थर बोलरा है, कडुबा," तो म्हणाला.

चुंबक दगडाला कशाला ओढलं जाईल. एवढं साधं मला तीस वर्षांच्या धंद्यानंतरही आदल्या दिवशी सुचलं नव्हतं, कारण एक खांब सापडल्यावर मी दुसरा शोधलाच नव्हता. मी गिरमिट घेतलं. गिरमिटानं लाकडाला भोक पाडताना बाहेर काय येतं ते बघत राहायचं असतं. आधी तांबूस भुसा आला. मग काळसर ओला भुसा. मी फिरवत राहिलो. अंकुश दारातून बघत होता, त्याला मी हाक मारली नाही, तो आपणच आला. सहा बोटं आत गेल्यावर गिरमिट करकरलं आणि भोकातून राखाडी पीठ गळायला लागलं. मी ते तळहातावर घेतलं, चिमटीत चोळलं. दगडाचं पीठ.

ते मी अंकुशच्या हातावर ठेवलं. त्यानं मूठ मिटली.

कटर बाजूला गेला. आता पाचर. वरच्या कापलेल्या तोंडावर एका खांबाच्या बाजूपासून दुसऱ्याच्या बाजूपर्यंत आडव्या ओळीत लोखंडी पाचरी ठोकायच्या, म्हणजे बुडखा दोन फाकांत उकलतो आणि पोटात काय आहे ते न दुखवता बाहेर येतं. मी ठोकत होतो, रशीदभाई ठोकत होता, मग भाऊसाहेबानं शर्ट काढला आणि घण मागितला. थोड्या वेळानं समोरून अंकुशनं दुसरा घण धरला. एक मारायचा, मग दुसरा. बोलत नव्हते, पण ताल चुकत नव्हता. गवंडी विटांवर बसून म्हणाला, "च्यायला, आता हे बरं चाललंय." लाकूड चरचरायला लागलं. पहिली चीर पडली, रुंद झाली, आत हात जाईल एवढी झाली. शेवटच्या पाचरीला मोठा आवाज झाला आणि बुडख्याची उत्तरेची फाक चरात कलंडली.

आणि दोन्ही उभे होते. पूर्वेला रूळ, पश्चिमेला काळा दगड, घडवलेला, टाकीच्या खुणा अजून ताज्या. दोघांची डोकी बाहेर झुकलेली, मधल्या झाडानं ढकलल्यामुळं, पण पाय जागेवर. मी आतापर्यंत खूप काही बाहेर काढलं आहे, पण त्या वेळी मी खरोखर उडी मारली. साठीचा माणूस, चरात, मातीत. रशीदभाई हसत होता आणि मला धरतही होता.

अंकुशनं दगडाला हात लावला. "बगा दादा," तो म्हणाला. चार वर्षांत पहिल्यांदा तो भावाशी बोलला. "माझा बी बाप खरंच बोलला."

"दोगं बी खरंच बोलले," भाऊसाहेब म्हणाला.

मग हळूहळू त्यांच्या लक्षात यायला लागलं. प्रत्येक बापानं आपल्या पोराला आपल्याच खांबाचं सांगितलं होतं. शेजारच्या खांबाचं सांगायचं काही कारण नव्हतं, बापांच्या लेखी तो सगळ्यांना माहीतच होता. मधल्या वाटेचंही सांगितलं नाही, कारण लग्नाआधी बहीण मागच्या तुकड्यात रोज तिच्यावरूनच ये-जा करायची आणि ते त्यांनी गृहीत धरलं होतं. मग बहीण सासरी गेली, वाट बंद पडली, तिथं कुठूनतरी शिरसाचं बी पडलं. कोणी उपटलं नाही. झाडानं वाढता वाढता आधी एक खांब गिळला, मग दुसरा, आणि वाट तर मुळांखाली गेली.

दक्षिणेची फाक मुळांसकट वर घ्यायची राहिली होती. तिकाटी लावली, पुली ओढली. फाक वितीनं वर आली, हातभर आली, आणि तिच्या मुळ्यांच्या मुठीत काहीतरी आडवं, सपाट दिसलं. मी माती झटकली. चिरा होता. वरून पायांनी झिजून मध्ये खोलगट झालेला.

दोघं भाऊ आत्याकडं वळले. आत्या मात्र चिऱ्याकडं बघत होती, आमच्याकडं नाही.

मी खांबांच्या पायांशी हात लावून अंतर मोजलं. डोक्याकडून मोजलं असतं तर जास्त आलं असतं, पण खरं ते पायाचं. दोन हात आणि वर चार बोटं. आत्यानं सांगितल्यापेक्षा चार बोटंच जास्त.

गवंड्यानं विचारलं, "मग भिंत कुठून घेऊ?"

भाऊसाहेबानं कालची चुन्याची रेघ पायानं पुसली. पुसून झाल्यावर रुळापासून मागच्या तारेपर्यंत एक रेघ मारली आणि चुन्याचं घमेलं अंकुशकडं दिलं. अंकुशनं दगडापासून दुसरी मारली. मध्ये दोन हात आणि चार बोटं मोकळी राहिली.

चिरा परत बसवायला चौघं लागलो. खड्डा भरला, मुरूम दाबला, पातळी बघितली. आता एकदा त्याच्यावरून जाऊन बघावं म्हणून गवंडी पाय टाकणार तेवढ्यात रशीदभाईनं त्याला मागं ओढलं. "नक्को भई, पहले खाला को जाने दो."

पण आत्या दिसेना. आम्ही चिरा बसवत असताना ती नेहमीसारखी नाल्याच्या बाजूनं निघून गेली होती. अंकुश तिला शोधायला निघाला, तेवढ्यात मागच्या तारेपलीकडं ती उभी दिसली, हातात किटली. भाऊसाहेबानं माझी पक्कड घेतली आणि तारेचे चारही पदर तोडून बाजूला वळवले. आत्या आली. रूळ आणि दगड यांच्यामधून, चिऱ्यावर एक पाय टाकून, मग दुसरा. गुडघ्यावर हात होता, पण ती थांबली नाही. पन्नास पावलं असतील नसतील.

तिनं पहिला कप मला दिला. मी सवयीनं एका घोटात अर्धा प्यालो आणि माझी जीभ पोळली.